फाइलीवर प्रकार लिहून घ्या : नव्याने शुगर निघालेल्यांसाठी

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी अठरा वर्षं रक्त घेते आहे. सकाळी साडेसातला शटर वर गेलं की उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग लागते. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडून पहाटेची एसटी धरून आलेली माणसं, पिशवीत डबा बांधून आणलेली, म्हणजे रक्त दिल्या दिल्या खाता येतं. दुपारी रिपोर्ट हातात पडला की निम्मेजण एकच विचारतात, "ताई, शुगर हाय का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "आता भात बंद का?"

कोणती शुगर, म्हणजे मधुमेहाचा कोणता प्रकार, हे मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातही कुणी विचारलं नव्हतं आणि त्यात तिची मुलगी हातची जाता जाता राहिली. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी तुम्हाला काय माहीत असायला हवं, ते मी सांगू शकते.

आधी शुगर आहे हे पक्कं करा

शेजारच्यांच्या मशीनवर बोट टोचून २१० आले, एवढ्यावर कुणाला मधुमेही ठरवू नका. गेल्या वर्षी तासगावकडचे एक बागायतदार घाबरून आमच्याकडे आले. घरच्या ग्लुकोमीटरवर ३८० दाखवत होतं. बेदाण्याच्या शेडवरून ते थेट आले होते. मी त्यांना साबणाने हात धुवायला लावले, नीट पुसून दुसरं बोट टोचलं, तर १४२. द्राक्षाचा चिकटा बोटावर राहिला होता आणि मशीन तोच मोजत होतं. गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांचंही असंच होतं. ग्लुकोमीटर रोजच्या लक्ष ठेवण्यासाठी उत्तम आहे, पण निदान शिरेतून घेतलेल्या रक्तावरच करायचं.

आकडे पाठ करण्यासारखे आहेत. सगळे मिलिग्रॅममध्ये, दर १०० मिलिलिटर रक्तामागे. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, ज्याला प्रीडायबेटिस म्हणतात. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर गेली तरी मधुमेह, १४० ते १९९ असेल तर उंबरठा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.५ टक्के किंवा वर असेल तर मधुमेह आणि ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर उंबरठा. त्रास काहीच नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात. तहान, लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं अंगावर असतील आणि कुठल्याही वेळची शुगर २०० च्या वर असेल, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. जेवणानंतरची शुगर मोजताना दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. आणि तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून 'पास' होऊ नका. तुमचं रोजचं खाणं जसं आहे तसं असतानाची शुगर डॉक्टरांना बघायची असते.

रक्त घेताना नळीच्या टोपीकडे बघा. शुगरसाठी राखाडी टोपीची नळी लागते. तिच्यातल्या औषधामुळे रक्तपेशी नळीतली साखर खात नाहीत. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त दुपारी शहरात पोचणार असेल, तर या एका टोपीने निदान इकडचं तिकडे होऊ शकतं. एचबीए१सीची टोपी जांभळी. ही तपासणी सोयीची आहे, उपाशी राहावं लागत नाही, पण लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर आकडा खोटा वाढलेला दिसतो, आणि नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा थॅलेसेमिया, सिकलसेल असेल तरी तो चुकतो. आपल्याकडच्या बायकांत हिमोग्लोबिन आठ-नऊ असणं नवं नाही. तेव्हा एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांपुढे ठेवा.

मग तीन गोष्टी लिहून काढा : वय, अंगकाठी, वेग

कागद घ्या. पेशंटचं वय किती. वजन, उंची आणि बेंबीच्या पातळीवर कंबर किती. आणि त्रास सुरू होऊन किती दिवस झाले. तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त बोलतो आणि तोच कुणी सांगत नाही. "बरेच दिवस" असं सांगू नका. "दिवाळीत पँट घट्ट होती, होळीला पट्टा दोन भोकं आत गेला" असं सांगा. काही आठवड्यांत माणूस वाळला, तर ती एक गोष्ट. पाच वर्षं हळूहळू वाढत गेलं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत अचानक कळलं, तर ती पूर्ण वेगळी.

ही दोन माणसं वेगळी आहेत हे आपल्याकडे फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे (वारंवार लघवीच्या अशा आजारांचं आयुर्वेदातलं नाव) सहज, म्हणजे जन्मापासूनचा, आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या खाण्या-राहण्याने होणारा, असे दोन प्रकार सांगितलेत. पहिला रोगी कृश, रुक्ष, कमी खाणारा, फार तहानलेला. दुसरा स्थूल, पुष्कळ खाणारा, बसून-झोपून राहणारा. आजचे प्रकार त्यावर जसेच्या तसे बसत नाहीत, पण बघणाऱ्याची नजर पक्की होती. आधुनिक वैद्यकात हा भेद प्रयोगाने दाखवला लंडनच्या हिम्सवर्थ यांनी, १९३६ साली : काहींचं शरीर इन्सुलिनला लगेच दाद देतं, काहींचं देत नाही.

टाइप १ : इथे वेळ दवडायचा नाही

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर असूनही पेशींच्या आत जात नाही, म्हणजे ताट भरलेलं आणि तोंड शिवलेलं. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच चुकून या बीटा पेशींवर उलटते आणि त्या संपवते. यात आईने गरोदरपणी काय खाल्लं, मुलाने किती चॉकलेटं खाल्ली, याचा काही संबंध नाही. हे मी दरवेळी आयांना दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकूच येत नाही. नजर लागली, करणी झाली असं म्हणत गंडे-दोऱ्यात दिवस घालवू नका.

हा आजार बहुधा मुलांत आणि तरुणांत दिसतो, पण कुठल्याही वयात होऊ शकतो.

माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. एप्रिल महिना. रात्री तीन-तीनदा उठून माठातलं पाणी तांब्याने प्यायची. कधीची सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत लागली, म्हणून तिला रागावले. ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे तहानेचं कुणाला काही वाटलं नाही. तिचे वडील संध्याकाळी तिला गाडीवर घेऊन रसवंतीवर जायचे, ती दोन-दोन ग्लास रस प्यायची. जितका रस तितकी साखर, जितकी साखर तितकी लघवी, जितकी लघवी तितकी तहान. शाळेचा स्कर्ट कमरेवर राहीना, बहिणीने त्याला पिन लावली. न्हाणीघराच्या फरशीवर मुंग्या यायला लागल्या, तेव्हा तिने फिनेल टाकलं. एका दवाखान्यात दाखवलं. ऊन लागलंय, अशक्तपणा आहे असं म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. बोट टोचून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन आला. "अक्का, पोरगी धाप टाकतीया, पोट धरून ओरडतीया, उलट्या थांबंनात." मी विचारलं, तोंडाला कसला वास येतोय का? म्हणाली, "पिकून गेलेल्या फळावानी." मी म्हटलं, गाडी काढा आणि थेट मिरजेला आणा, वाटेत कुठे थांबू नका. आम्ही मशीनवर बघितलं तर आकडाच नाही, 'हाय' अशी अक्षरं आली. त्या मशीनवर ६०० च्या पुढे गेलं की तसं येतं. लघवीत केटोन पट्टीचा रंग गडद जांभळा. चार दिवस आयसीयूत होती. वाचली.

याला डीकेए म्हणतात. इन्सुलिन नाही म्हणून शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून केटोन नावाची आम्लं रक्तात साठतात आणि रक्त आंबट होतं. पोटदुखी बघून कुणाला अपेंडिक्स वाटतं, धाप बघून कुणाला न्यूमोनिया. म्हणून लक्षात ठेवा : जास्त तहान, जास्त लघवी, उतरलेलं वजन, आणि त्यात उलट्या, पोटदुखी, खोल भराभर श्वास, ग्लानी किंवा तोंडाला फळासारखा वास. मूल असो की मोठं माणूस, सलाइन लावण्याआधी "एकदा शुगर बघा" असं तोंडाने म्हणा. बोट टोचायला मिनिट लागत नाही. डॉक्टरांना वाईट वाटेल याचा विचार करू नका.

टाइप १ ला इन्सुलिन हेच औषध आहे आणि ते आयुष्यभर लागतं. गोळी नाही, काढा नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे, गिळलं तर जठरात पचून जातं, म्हणून सुईनेच घ्यावं लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवून थोडे महिने जगवणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. १४ नोव्हेंबरला मधुमेह दिन पाळतात तो इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस म्हणून.

आता सगळ्यात धोक्याची जागा. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत कित्येक मुलांची गरज एकदम कमी होते. उरलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते आणि त्या थोडं काम करू लागतात. काही महिने, कधी वर्षभर हे चालतं. डॉक्टर त्याला हनिमून काळ म्हणतात. आमची पोरगी दिवसाला आठ युनिटवर आली. नेमका त्याच सुमाराला नात्यातल्या एकांनी कारल्या-मेथीचा काढा आणून दिला होता. सगळ्यांना वाटलं, काढ्याचा गुण आला, आता सुई सोडू. मी सुट्टी टाकून गेले आणि दोन दिवस तिथेच राहिले. हा काळ संपतोच, आणि त्या दिवशी इन्सुलिन बंद असेल तर पुन्हा डीकेए. कुणीही कितीही खात्रीने सांगो, टाइप १ ची सुई डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करायची नाही. मूल तापाने जेवत नसलं तरी नाही. डोस किती ते फोनवर विचारा, पण शून्य करू नका.

सिरिंजचं थोडं खोलात सांगते, कारण इथल्या चुका मी स्वतः पाहिल्यात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० चं. सिरिंजाही दोन : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावून दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात चारच युनिट जातात. उलटं केलं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं, तर दहाऐवजी पंचवीस जातात आणि माणूस बेशुद्ध पडतो. मेडिकलमधून आणताना बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा, दर खेपेला.

न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण जतच्या मे महिन्यात बाहेर म्हणजे ४० अंश. फ्रिज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा, सावलीत. पोट आणि मांडीवर जागा बदलत टोचा, एकाच जागी टोचलं की गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

टाइप २ : गुपचूप येणारी

नव्या मधुमेहींत सर्वांत मोठी संख्या यांची. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. यात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला जुमानत नाही. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओतत राहतं आणि वर्षांनी थकतं. पोटाचा घेर, घराण्यात शुगर, कमी झालेली हालचाल, वाढतं वय यांचा हात असतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं.

"मी रानात राबणारा माणूस, मला कशी शुगर?" हा प्रश्न रोज ऐकते. वरून बारीक दिसणाऱ्या माणसाच्या आतही चरबी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. काट्यावरचं वजन बघून आपल्या माणसाला निर्धास्त राहता येत नाही, ते त्या फोटोत दिसतं.

आणखी एक खूण. मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी. आया पोरांची मान मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो, शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. पंधरा-सोळा वर्षांच्या जाड मुलामुलींतही आता टाइप २ निघतो, तेव्हा 'लहान वय म्हणजे टाइप १' असं धरून चालू नका.

बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. तळपायाला मुंग्या, बरी न होणारी जखम, लघवीच्या जागी वारंवार खाज, चष्म्याचा नंबर बदलत राहणं, यातून कळतं. आजार कळण्याआधी काही वर्षं आत असू शकतो, म्हणून टाइप २ निघाल्या निघाल्या डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पायांची संवेदना तपासून घ्यायची. टाइप १ मध्ये पडद्याची तपासणी साधारण पाच वर्षांच्या आत सुरू करतात. प्रकार माहीत हवा तो यासाठीही.

औषध बहुधा मेटफॉर्मिन नावाच्या गोळीने सुरू होतं. नव्याने निघालेल्या जाड माणसाने दहा-पंधरा किलो वजन उतरवलं तर काहींची शुगर गोळीविना ताब्यात राहते. आजार कायमचा गेला असं मात्र नव्हे, तपासणी चालू ठेवावी लागते. टाइप २ च्या माणसाला पुढे इन्सुलिन लागलं तर तो टाइप १ होत नाही. ऑपरेशन, मोठं इन्फेक्शन अशा वेळी थोडे दिवस इन्सुलिन देऊन नंतर काढूनही घेतात. "एकदा सुई लागली की सुटत नाही" या भीतीने लोक पाय गमावेपर्यंत थांबतात, हे बघून जीव तुटतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. गूळ म्हणजे साखरच. आपला भाग उसाचा, गुऱ्हाळाचा, 'सेंद्रिय गूळ चालतो' असं सांगणारे घरोघर भेटतात. चालत नाही. बेदाणा म्हणजे वाळवलेलं द्राक्ष, मूठभर बेदाण्यात बरीच साखर असते. ज्वारीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर शुगर वाढणारच. एक भाकरी, त्याबरोबर वाटीभर उसळ, भरपूर पालेभाजी, कांदा-काकडी. भडंग प्रवासात भूक भागवायला ठीक वाटतो, तो तांदूळच आहे हे लक्षात असू द्या.

गरोदरपणातली शुगर

पोटातल्या बाळाला पोसणारी वार इन्सुलिनच्या कामात अडथळा आणणारी संप्रेरकं सोडते, त्यामुळे काहीजणींची शुगर फक्त गरोदरपणातच वाढते. आपल्या सरकारी पद्धतीत पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तपासतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. यासाठी उपाशी असायची गरज नाही. १४० किंवा वर आलं तर उपचार. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी परत करायची. उलटी झालेली लपवू नका, मुली सासूबाईंना घाबरून लपवतात.

पहिल्याच भेटीत उपाशीपोटी १२६ च्या वर असेल तर ती गरोदरपणामुळे आलेली नसण्याची शक्यता जास्त, आधीपासून असलेली आणि न कळलेली असू शकते. बाळंतपण झालं की शुगर बहुधा उतरते आणि सगळे विसरून जातात. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासायचं असतं, तेव्हा बाळाच्या लसीला जाल त्याच दिवशी उरकून घ्या. या बायकांना पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सात पट असते, म्हणून दरवर्षी-दोन वर्षांनी रक्त बघत राहा.

या तिन्हीत न बसणारे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आमच्याकडे दोन वर्षं येत होते. वय ४४, सडपातळ, घरात कुणाला शुगर नाही. वयावरून टाइप २ धरून गोळ्या चालू. दर खेपेला एक गोळी वाढे, शुगर ३०० च्या खाली येईना आणि वजन झडत चाललेलं. पथ्य मोडता म्हणून घरचे त्यांनाच बोलायचे. शेवटी एका डॉक्टरांनी जीएडी अँटिबॉडी, म्हणजे शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटलंय का ते दाखवणारी रक्ततपासणी पाठवली, ती पॉझिटिव्ह आली. हळूहळू येणारा टाइप १, त्याला लाडा म्हणतात. इन्सुलिन सुरू झालं आणि महिन्याभरात चेहऱ्यावर तजेला आला. दोन वर्षं त्या माणसाने नसलेल्या गुन्ह्याची बोलणी खाल्ली.

स्वादुपिंडालाच इजा झाली तर होणारा मधुमेह वेगळा. दारूने किंवा पित्ताच्या खड्यांनी स्वादुपिंडाला वारंवार सूज येणं, स्वादुपिंडात खडे होणं. पाठीत जाणारी पोटदुखी आणि तेलकट, तरंगणारी शौच असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. दमा, संधिवात, त्वचेच्या आजारासाठी स्टेरॉइड चालू असेल तरी शुगर वाढते. गुडघेदुखीवर कुणाकडून बिनलेबलाच्या पुड्या आणून खात असाल तर तेही सांगा, पुडीसकट दाखवा.

आजोबा, वडील आणि मुलगा, तिघांनाही पंचविशीच्या आसपास, अंगाने बारीक असताना शुगर निघाली असेल तर मोडी नावाचा एका जनुकातल्या बदलाने होणारा प्रकार असू शकतो. त्यातल्या काहींना साध्या गोळीने भागतं, काहींना औषधही लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शुगर निघाली तर तिथेही जनुकीय तपासणी करायचीच, कारण काही बाळांची सुई सुटून गोळीवर येते.

कुपोषणातून आलेल्या मधुमेहाचं जुनं दुखणं आता पुन्हा पुढे आलंय. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो होता, १९९९ मध्ये वगळला गेला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. सगळ्या तज्ज्ञांचं त्यावर अजून एकमत नाही. पण अतिशय रोड, लहानपणी पोटभर न मिळालेला तरुण, शुगर खूप जास्त आणि तरी केटोन नाहीत, असा पेशंट असेल तर लहानपणचं खाणं-पिणंही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

कोणत्या तपासण्यांबद्दल विचारायचं

सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत. चाळिशी-पन्नाशीचा, पोट सुटलेला, वडिलांना शुगर असलेला माणूस असेल तर टाइप २ धरून पुढे जाणं बरोबर आहे. शंका असेल तिथे तीन. लघवीतलं केटोन, ज्याला लॅबमध्ये अजून 'अॅसिटोन' म्हणतात, ही स्वस्त आणि लगेच होणारी. जीएडी आणि तिच्यासारख्या अँटिबॉडी : पॉझिटिव्ह आल्या तर टाइप १ कडे बोट दाखवतात, पण आल्या नाहीत म्हणून टाइप १ नाही असं होत नाही, आपल्या लोकांत त्या निगेटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच असतं. तिसरी सी-पेप्टाइड, शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी. ती करताना त्याच वेळची शुगरही बघावी लागते. आजार नवा असताना किंवा शुगर फार चढलेली असताना ती फसवू शकते, तेव्हा काही दिवसांनी परत करायला सांगितलं तर पैसे उकळतात असं समजू नका.

खर्चाची अडचण असेल तर मिरजेचं किंवा साताऱ्याचं सिव्हिल गाठा. तिशीच्या पुढच्या कुणालाही शुगर आणि बीपीची तपासणी गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत करून मिळते.

डॉक्टरांकडून उठण्याआधी

एक फाइल करा. रिपोर्ट तारखेने लावा, पहिलं पान कोरं ठेवा. त्या पानावर डॉक्टरांकडून मधुमेहाचा प्रकार लिहून घ्या. अजून पक्कं नसेल तर "तपास चालू" असं लिहून घ्या आणि पुन्हा कधी ठरवणार तेही. खाली औषधांची नावं, इन्सुलिन असेल तर ४० चं की १०० चं, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा. टाइप १ असेल तर ते लाल पेनाने लिहा. शहराबाहेर अपघात झाला, ऑपरेशन निघालं, नवा डॉक्टर आला, तर तो पहिल्यांदा तेच पान बघेल. वजन उतरवणाऱ्या काही नव्या शुगरच्या गोळ्या टाइप १ मध्ये शुगर फारशी न चढताही डीकेए घडवतात, ते त्याला प्रकार माहीत असेल तरच टळेल.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर शुगर उतरण्याची तयारी घरात हवी. दरदरून घाम, हात थरथरणं, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. मशीनवर ७० च्या खाली असेल, किंवा मशीन जवळ नसेल तरीसुद्धा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, वर आली नसेल तर परत तेवढीच. नंतर काहीतरी खायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

मूल शाळेत जात असेल तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, लघवीला मध्येच सोडा, खेळाच्या तासाआधी दोन बिस्किटं खाऊ द्या, हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची डबी ठेवा आणि तो कप्पा बाईंना, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही उघडून दाखवून या.